मांजराचं अकाउंट: नाशिकच्या घरातून रीलपर्यंत, पायरी पायरीने

२०१२ च्या सप्टेंबरमध्ये रेडिट या संकेतस्थळावर एका मांजरीचा फोटो आला. खालचा जबडा लहानपणापासून वेगळा, अंगाने खुजी, आणि त्यामुळे चेहरा कायम रुसलेला. तिचं खरं नाव टार्डार सॉस, जगाने तिला ग्रम्पी कॅट म्हटलं. जपानचा मारू हा बोका तर फक्त खोक्यात शिरायचा. मोठं खोकं, छोटं खोकं, ज्यात मावणार नाही हे कळतंय तेही खोकं. यूट्यूबवर सर्वाधिक पाहिलेला प्राणी म्हणून २०१६ मध्ये गिनीजने त्याची नोंद घेतली. दोघांनाही कोणी कसरती शिकवल्या नव्हत्या. एक ओळखू येणारी गोष्ट होती आणि घरातलं माणूस ती न कंटाळता दाखवत राहिलं.

मांजराचं अकाउंट चालवण्याचं सगळं तंत्र यातच आहे. मांजराला आपल्या वेळापत्रकात बसवायला गेलात की ते पलंगाखाली जाऊन बसतं. कॅमेरा मांजराच्या वेळापत्रकात बसवायचा.

पहिले सात दिवस फक्त वही

फोन उचलण्याआधी आठवडाभर एक साधी वही ठेवा. मांजर किती वाजता खेळतं, कुठे झोपतं, कशाच्या आवाजाने उठतं, कोणावर रुसतं, हे वेळेसकट लिहा. मांजरं पहाटे आणि संध्याकाळी जास्त हलतात, दुपार झोपेची. तुमच्या मांजराच्या वेळा चार-पाच दिवसांत स्पष्ट दिसतील.

वहीत एक खूण वेगळी करा: दिवसातून दोनदा तरी होणारी आणि दुसऱ्या मांजरात सहज न दिसणारी सवय. नळाला पंजा लावून पाणी पिणं, कुकरची तिसरी शिट्टी झाली की स्वयंपाकघरात हजर होणं, आजोबांच्या पेपरावर नेमकं राशिभविष्याच्या पानावर बसणं. अशी एक सवय सापडली की पन्नास रीलचं सामान मिळालं. "आमची मनी खूप गोड आहे" एवढंच सापडलं तर अजून आठवडाभर बघा. गोड सगळीच असतात.

अनोळखी पाहुणा आला की दोन-दोन तास लपणारं मांजर असेल तर त्याचं अकाउंट काढू नका, असं नाही. पण त्याच्या रील लांबून, झूम करून, घरातल्याच एका माणसाने घ्यायच्या. त्यातही गंमत असते.

आणि अकाउंटसाठी म्हणून मांजर विकत आणायचं असेल तर थांबा. चपट्या तोंडाच्या पर्शियनला श्वासाचा आणि डोळे गळण्याचा त्रास असतो, आणि नाशिकचा एप्रिल-मे चाळिशीला टेकतो. स्कॉटिश फोल्डचे दुमडलेले कान ज्या जनुकामुळे दिसतात, तेच जनुक सांध्यांची कूर्चा बिघडवतं. आपलं गावठी मांजर काटक असतं, आणि मराठी प्रेक्षकाला ते आपल्या घरातलं वाटतं हा फायदा वेगळाच.

कॅमेऱ्याआधी घर

आजारी मांजराचे डोळे आणि केस कॅमेऱ्यात लगेच दिसतात, आणि कमेंटमध्ये लोक ते बोलूनही दाखवतात. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, साधारण सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर. पाच-सहा महिन्यांचं झालं की नसबंदी. नसबंदी न केलेला बोका घरभर फवारे मारतो, रात्रभर ओरडतो आणि भांडून कान फाडून घेतो. मग आठवडाभर शूटिंग बंद.

दूध-पोळीवर मांजर जगत नाही. टॉरिन हा घटक त्याला मांसाहारातूनच मिळतो, तो कमी पडला की हळूहळू दृष्टी जाते आणि हृदय कमजोर होतं. घर शाकाहारी असेल तर मांजराचं तयार खाद्य आणा, पण मांजर शाकाहारी करू नका.

नाशिकच्या घरात दोन गोष्टी पोत्याने आणि पेटीने येतात, कांदा आणि द्राक्षं. कांदा, लसूण, पातीसुद्धा, कच्ची असो की शिजलेली, मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडते. रस्सा "एक घास" म्हणून देणंही चूक. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करतात, मांजराच्याही तोंडापासून दूर ठेवा. लिलीचा गुच्छ घरात आणूच नका, तिचे परागकण अंगावरून चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं जातात. ताप वाटला म्हणून माणसांची पॅरासिटामॉल दिली तर अर्धी गोळीसुद्धा जीव घेते.

संक्रांतीला येवल्यात पतंगांचे तीन दिवस चालतात आणि नाशिकच्या गच्च्याही मागे नसतात. त्या दिवसांत दोरा घेऊन खेळणाऱ्या मांजराची रील फार चालते. करू नका. मांजराच्या जिभेवरचे काटे आत वळलेले असतात, दोरा तोंडात गेला की त्याला थुंकता येत नाही. तो आतड्यात ताणून बसतो आणि आतडं कापतो. दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तसंच डॉक्टरकडे न्यायचं.

गॅलरीला जाळी लावा. कबुतरांची साधी नायलॉन जाळी मांजर दाताने तोडतं. तारांच्या ग्रिलमध्ये दोन-तीन इंचांची फट असते, त्यातून पिल्लू सहज निसटतं. मांजरासाठी स्टीलची बारीक जाळी लागते.

नाव आणि अकाउंट

इन्स्टाग्रामचं युजरनेम इंग्रजी अक्षरांत, अंकांत, टिंबात आणि अंडरस्कोरमध्येच होतं, तीस अक्षरांच्या आत. नाव फोनवर एकदा ऐकून समोरच्याने बरोबर टाइप केलं पाहिजे, ही एकच परीक्षा. "श" आणि "ष", "ण" आणि "न" असलेली नावं इंग्रजीत चार प्रकारे लिहिली जातात, ती टाळा. "बोका", "मनी", "टिकली" सोपी. त्याखालचं दिसणारं नाव मात्र देवनागरीत लिहिता येतं आणि शोधात सापडतं, तिथे "नाशिकची मांजर" असं काही जोडा.

अकाउंट मांजराचं असलं तरी ते चालवणारा तेरा वर्षांच्या वरचा माणूसच लागतो. दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर कोडही विचारणारी सोय, पहिल्याच दिवशी सुरू करा. फॉलोअर वाढले की "तुमच्यावर कॉपीराइटची तक्रार आहे, इथे लॉगिन करा" असे मेसेज येतात. ते पासवर्ड चोरायला येतात.

उजेड, फोन आणि जमीन

नवीन फोन घेण्याआधी जुन्याची लेन्स पुसा. अर्ध्या धूसर रीलचं कारण बोटाचं तेल असतं.

पूर्वेची खिडकी असेल तर नाशिकच्या हिवाळ्यात सकाळी आठ ते साडेनऊचा उजेड सगळ्यात चांगला. तिरपा आणि मऊ असतो, आणि थंडीमुळे मांजर आपणहून उन्हात येऊन बसतं. मांजर खिडकीला समांतर बसलं पाहिजे, खिडकीकडे पाठ करून नको. दुसऱ्या बाजूला पांढरं थर्माकोल किंवा धुतलेली पांढरी चादर दोन-तीन फुटांवर उभी केली की सावलीतले केसही दिसतात. फ्लॅश कधीच नाही.

फोनचा कॅमेरा समोरची प्रत्येक वस्तू मध्यम करड्या रंगाची धरून उजेड मोजतो. म्हणून काळं मांजर राखाडी आणि फिकट दिसतं, पांढरं मांजर मळकट. स्क्रीनवर मांजराच्या अंगावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक करा. मग काळ्या मांजरासाठी सूर्याची खूण थोडी खाली, पांढऱ्यासाठी थोडी वर. काळ्या मांजराचे डोळे हाच फोटोचा जीव असतो, त्यात खिडकीचा पांढरा ठिपका दिसेपर्यंत जागा बदला.

रात्री ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली काढलेल्या व्हिडिओत आडवे पट्टे पळताना दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. फोन कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने बदलता येतात) शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवलं की पट्टे जातात.

फोन जमिनीपासून वीस ते पंचवीस सेंटीमीटरवर, म्हणजे मांजराच्या डोळ्यांच्या उंचीवर. उभ्याने वरून काढलेलं मांजर कोणाचंही वाटतं, त्याच्या उंचीवरून काढलेलं मांजर कोणीतरी असतं. ट्रायपॉड हलका असेल तर पायांवर तांदळाची किलोभर पिशवी टाका, मांजर त्याला अंग घासणारच. व्हिडिओ उभा, १०८० बाय १९२०. धावपळीसाठी सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे नंतर निम्म्या वेगाने दाखवता येतं. प्रोफाइलच्या ग्रिडमध्ये चौकटी ३:४ आकाराच्या दिसतात, तेव्हा चेहरा आणि मजकूर मधल्या भागात ठेवा.

आवाजासाठी पंखा बंद. घुरघुर हवी असेल तर माइक छातीपासून दहा-पंधरा सेंटीमीटरवर लागतो. तो आवाज इतका खालच्या पट्टीतला असतो की फोनच्या स्पीकरवर बहुतेकांना ऐकूच येत नाही. म्हणून स्क्रीनवर "गुर्रर्र" लिहून द्या.

एक रील, पहिल्यापासून शेवटपर्यंत

कल्पना अशी: चिवड्याची पिशवी वाजली की मनी धावत येते, वास घेते, तुच्छतेने बघते आणि परत जाते. नाशिकच्या कुठल्याही घरात चिवड्याची पिशवी असतेच. अकरा सेकंदांची रील.

मनीला पिशवीच्या आवाजाचा अर्थ आधी कळला पाहिजे. चार-पाच दिवस, दिवसातून पाच-सहा वेळा, पिशवी दोन सेकंद वाजवा आणि लगेच, एक-दोन सेकंदांच्या आत, उकडलेल्या बिनमिठाच्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा द्या. हिशोब ठेवा. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण दोनशे ते अडीचशे कॅलरी लागतात आणि खाऊ त्याच्या दहा टक्क्यांत बसला पाहिजे. दहा ग्रॅम चिकन म्हणजे सोळा-सतरा कॅलरी, तेवढं दिवसभरात पुरे. पिशवी वाजली आणि काहीच मिळालं नाही असं दोन-तीनदा झालं की मनी येणं बंद करते, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

चिवडा द्यायचा नाही. त्यात तळलेला कांदा असतो. पिशवी रिकामी, धुऊन वाळवलेली वापरा.

ट्रायपॉड दोन दिवस आधीच पॅसेजमध्ये जमिनीलगत उभा करून ठेवा. नवी वस्तू मांजर आधी तपासतं. त्याच दिवशी ठेवलात तर मनी तुमच्याकडे न येता ट्रायपॉडकडे जाते आणि शॉट वाया.

पहिला शॉट कानाचा. मनी डुलकीत असताना, झोप लागल्यापासून पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत, एक मीटर लांबून दोनपट झूम करून फक्त डोकं चौकटीत घ्या. दुसऱ्या खोलीतून कोणीतरी पिशवी वाजवेल. डोळे मिटलेलेच राहतात आणि एक कान स्वतःहून आवाजाच्या दिशेने वळतो. मांजराच्या कानाला तीसच्या आसपास स्नायू असतात, शरीर न हलवता तो मागे फिरतो. हा दीड सेकंद म्हणजे रीलचा गळ, प्रेक्षक इथेच अडकतो. गाढ झोपेत गेली असेल तर कान फिरणार नाही. उठवू नका, दुसऱ्या दिवशी घ्या.

दुसरा शॉट पॅसेजमध्ये, फोन जमिनीवर, मनी समोरून धावत येते, साडेतीन सेकंद. ६० फ्रेममध्ये घ्या. फरशी गुळगुळीत असेल तर वळणावर घसरते, ते मजेशीर दिसतं पण नखं आणि सांधे दुखावतात. एक सतरंजी घाला.

तिसरा शॉट वासाचा आणि चेहऱ्याचा. पिशवीचं तोंड बंद करून ती धरा, मनी हुंगते, मागे सरते. चार सेकंद. चौथा शॉट पाठमोरा, शेपटी वर, चाललेली, दोन सेकंद. कापल्यावर शेवटची चौकट परत झोपलेल्या कानाशी जुळेल अशी ठेवलीत तर रील संपली हे लोकांना कळत नाही आणि ते दुसऱ्यांदा बघतात. शॉट झाला की प्रत्येक वेळी चिकनचा तुकडा.

हे सगळं एका दिवसात बसवू नका. एका वेळी दोन-तीन मिनिटं. कान चपटे झाले, शेपटी आपटायला लागली, पाठीची कातडी थरथरली, ओठ चाटले की तिथेच फोन खाली. तोंड उघडून धापा टाकणं मांजरात कधीच साधं नसतं, थांबून विश्रांती द्या, आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टर.

मागे काकडी ठेवून घाबरवणं, पायांना टेप लावणं, टोपी घालून रेटणं, या रील चालतात आणि मांजर त्या खोलीत येणं सोडतं. कपडे घालायचेच असतील तर येवल्याच्या पैठणीच्या कापडाचा छोटा गळपट्टा, झटका बसला की सुटणाऱ्या बकलचा, पाच मिनिटांसाठी. पूर्ण झगा घातलेलं मांजर आडवं पडून राहतं, लोकांना ते "किती शांत" वाटतं. ते घाबरून थिजलेलं असतं.

आवाज कोणाचा द्यायचा

मराठी मांजर-अकाउंट मागे पडतात ते बहुतेक इथे. मांजराला बोबडं बोलायला लावतात. मांजराचा चेहरा बघा, ते बोबडं बोलणार नाही. ते सोसायटीच्या चेअरमनसारखं किंवा न जेवता रुसलेल्या मावशीसारखं बोलेल. एक आवाज ठरवा आणि वर्षभर तोच ठेवा. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळ्याकडचे असाल तर अहिराणीत बोला, तिथला प्रेक्षक दुसऱ्या दिवसापासून घरच्या ग्रुपवर पाठवायला लागतो. हसवायला वाक्य छोटं हवं: "परत तेच चिकन? बघते मी." सबटायटल मोठ्या अक्षरात द्या, बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात.

टाकायचं कधी, बघायचं काय

आठवड्याला तीन ते चार रील, पण चित्रीकरण दोन दिवसांतच उरका. रविवारी सकाळी मांजर खेळकर असतं तेव्हा सहा-सात तुकडे घेऊन ठेवा. सुरुवातीला सात ते पंधरा सेकंद. हॅशटॅग तीन ते पाच पुरे, त्यात नाशिकचा एक.

इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२५ मध्ये सांगितलं की रँकिंगमध्ये, म्हणजे कोणती रील पुढे दाखवायची हे ठरवताना, किती वेळ पाहिलं, किती जणांनी लाइक केलं आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं, हे तीन आकडे सर्वात महत्त्वाचे, आणि अनोळखी लोकांपर्यंत पोचायला पाठवणं जास्त उपयोगी. म्हणून रील तयार झाली की एकच प्रश्न विचारा: ही बघून कोणी आपल्या बहिणीला "ही बघ तुझी मनी" म्हणून पाठवेल का?

इन्साइट्समध्ये, म्हणजे इन्स्टाग्राम अकाउंटची आकडेवारी दाखवतं तिथे, प्रेक्षक कोणत्या सेकंदाला गळतात ती रेष बघा. पहिल्या दोन सेकंदांत कोसळत असेल तर सुरुवात लांबली आहे, नाव आणि लोगो आधी दाखवताय. मध्ये कोसळत असेल तर तो शॉट एक सेकंदाने कापा. दहा रील झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. विकतचे फॉलोअर घेतलेत तर ते बघणार काहीच नाहीत, आकडा मोठा आणि पोच (रील किती जणांपर्यंत गेली) छोटी असं अकाउंट कोणत्याही ब्रँडला दोन मिनिटांत ओळखू येतं.

मांजराला घेऊन रामकुंडावर, गोदाघाटावर किंवा रंगपंचमीच्या रहाडीजवळ (रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदाजवळ) जाऊन शूट करायचा मोह टाळा. गर्दी आणि आवाजात हार्नेसमधूनही मांजर मागे सरकून निसटतं. नाशिक दाखवायचंच असेल तर खिडकीतून दाखवा: पावसाळ्यात गॅलरीतून दिसणारे ढग, वाड्याच्या लाकडी खिडकीत बसलेली मनी.

पैसे येतात तेव्हा

यूट्यूबवर जाहिरातींतून कमाईसाठी १,००० सबस्क्रायबर आणि त्यासोबत बारा महिन्यांत ४,००० तास पाहणं किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यू लागतात. इन्स्टाग्रामवर खरा पैसा ब्रँडकडूनच. दर सांगताना फॉलोअरचा आकडा सांगू नका, गेल्या तीस दिवसांतल्या रीलची सरासरी पोच सांगा आणि स्क्रीनशॉट जोडा. रील ब्रँड स्वतःच्या जाहिरातीत किती महिने वापरणार, दुरुस्त्या किती, पैसे किती दिवसांत, हे लेखी घ्या. ट्रेंडिंग गाणं ब्रँडच्या रीलला चालत नाही, त्याचे हक्क वेगळे असतात.

खाद्याच्या कंपनीने "उद्या पोस्ट करा" म्हटलं तर नाही म्हणा. नवं खाद्य सात दिवसांत आणायचं असतं: आधी चौथाई, मग निम्मं, मग पाऊण. एकदम बदललं की जुलाब. करारात लिहून घ्या, मांजराने तोंड लावलं नाही तर खातानाचा शॉट मिळणार नाही.

फुकट आलेली वस्तूही जाहिरातच. मांजर डोळे मिटून दूध पितं तसं "मला सहज आवडलं" म्हणून दाखवू नका. जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे अ‍ॅस्कीच्या, जून २०२१ पासूनच्या नियमांनुसार पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत "जाहिरात" हे लेबल किमान तीन सेकंद दिसलं पाहिजे, पंधरा सेकंद ते दोन मिनिटांच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ. वर्षभरात एका कंपनीकडून आलेल्या वस्तूंची किंमत २०,००० रुपयांच्या वर गेली तर १० टक्के टीडीएसचा नियम १ जुलै २०२२ पासून आहे, वस्तू परत केली तर नाही. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटी. टीव्हीच्या जाहिरातीला बोलावलं तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी निर्मात्याने घेतली आहे का, कागद बघूनच मांजर न्या.

वॉटरमार्क कोपऱ्यात ठेवू नका, चोर कापून टाकतात. मध्याच्या थोडा खाली, फिकट. चोरलेली रील दिसली तर कमेंटमध्ये भांडू नका, कॉपीराइटचा फॉर्म भरा. मूळ फाइल तारखेसकट जपून ठेवली असेल तर काम लवकर होतं.

आणि मांजर म्हातारं होतं. दहा-अकराव्या वर्षानंतर कपाटावर उडी मारत नाही, जास्त झोपतं, पाणी जास्त प्यायला लागलं तर मूत्रपिंडं तपासायची वेळ असते. तेव्हा धावण्याच्या रील बंद करा. फोन आणखी खाली आणा, गादीच्या उंचीवर. हिवाळ्यातल्या सकाळी उन्हाच्या चौकोनात झोपलेली मनी, चौकोन सरकतो तशी झोपेतच सरकत जाणारी, अर्ध्या तासाचं चित्रीकरण वेगाने पळवून दहा सेकंदांत. जुने फॉलोअर हीच रील सगळ्यात जास्त वेळा बघतात.